आजचं चिंतन : गीता १८.६१

मागच्या रविवारी मित्रांसोबत रायगडातल्या देवकुंडला ट्रेझर हंट केला. भिरा गावातून जंगलवाट, ठिकठिकाणी चिठ्ठ्या, खजिना धबधब्यापाशी. अर्ध्या वाटेत एकाचा पाय मुरगळला. "तू बस, आम्ही येतोच," म्हणून मी पुढे पळालो. खजिना मलाच सापडला: चॉकलेटचा डबा! कुंडासमोर हात जोडले, पण मन लागेना. परतलो तर गावातला वाटाड्या त्याच्या पायाला फडकं बांधत होता.

आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, ईश्वर सर्वांच्या हृदयात राहतो. 'सर्वांच्या' हा शब्द मी नुसताच वाचत आलो. डब्याच्या नादात मी त्यालाच दगडावर बसवून पुढे गेलो होतो.

आपण कुणाला असं मागे सोडलंय का? आज एक फोन करूया.

जय श्रीकृष्ण!