प्रपंचातील विश्रांती

रात्री अंथरुणावर पाठ टेकली म्हणजे शरीराला विश्रांती मिळते; मनाला ती मिळतेच असे नाही. हातपाय थांबतात, परंतु मन मात्र उद्याची देणी, आजचा अपमान आणि कालची चूक यांच्यामध्ये येरझारा घालीतच राहते. म्हणून पुष्कळ गृहस्थांना असे वाटते की, हा व्याप आहे तोवर शांती नाही. मुलांची लग्ने झाली, नोकरी संपली, कर्ज फिटले, म्हणजे मग स्वस्थ बसून भगवंताचे नाव घेऊ. शांतीचा असा वायदा करणे कितपत युक्त आहे, याचा विचार महाभारताच्या शांतिपर्वातील एका आख्यानाच्या आधारे करता येतो.

जाजली नावाच्या ब्राह्मणाने घोर तप केले. तो खांबासारखा निश्चल उभा असता पक्ष्यांच्या एका जोडप्याने त्याच्या जटांमध्ये घरटे केले. अंडी झाली, पिले झाली, त्यांना पंख फुटून ती उडून गेली, तरी तो हलला नाही. पाहणाऱ्याला याहून मोठी शांती ती कोणती वाटावी? परंतु पिले परतत नाहीत असे दिसताच ‘मी धर्म साधला’ या गर्वाने तो दंड थोपटू लागला. तोच अदृश्य वाणी झाली की, वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. हे त्याला सहन झाले नाही. देह अरण्यात निश्चल होता. मन एका शब्दासरशी ढळले.

तुलाधार हा वाणी. जाजली पोहोचला तेव्हा तो दुकानात बसून माल विकीत होता. नाना प्रकारचे रस व सुगंधी द्रव्ये तो विकी. मद्य मात्र विकीत नसे. त्याने उठून अतिथीचे स्वागत केले आणि आपल्या धर्माचे रहस्य सांगितले. त्याचे सार एवढेच की, त्याचा तराजू सर्व भूतांसाठी सारखा होता. कोणाशी द्रोह नाही, कोणाची विशेष ओढ नाही.

येथे नीट थांबून पाहिले पाहिजे. रिकामा तराजू स्थिर असतो, यात नवल ते काय? पारड्यात माल पडला की दांडी हलणारच. ती पुन्हा समतोलावर येते की नाही, एवढाच प्रश्न. तुलाधाराची शांती गिऱ्हाईक नसल्यामुळे आलेली नव्हती. ज्याच्याजवळ घेण्याचे एक वजन व देण्याचे दुसरे, त्याला कोणाला काय दिले आणि कोणापासून काय लपविले, हे अहोरात्र ध्यानात ठेवावे लागते. ज्याचे वजन एकच, त्याच्या मनावर हे ओझे नसते. मनाचा थकवा पुष्कळदा कामाचा नसून या दुहेरी वजनांचा असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 48 व्या श्लोकात समत्वालाच योग म्हटले आहे. आणि हा उपदेश रणांगणावर, कर्मात उभ्या असलेल्या अर्जुनाला केलेला आहे.

मग जप, ध्यान, एकांत व्यर्थ की काय? मुळीच नाही. सहाव्या अध्यायात भगवंतांनी ध्यानासाठी एकांत आणि स्थिर आसन सांगितले आहे, आहारविहार व झोप-जागृती यांचे प्रमाणही सांगितले आहे. मन वाऱ्यासारखे अनावर आहे, ही अर्जुनाची तक्रार त्यांनी नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय दिले. तथापि या एकांतालाही तराजू लावून पाहिला पाहिजे.

गृहस्थ पहाटे दार लावून तासभर जपाला बसतो. त्या तासात मुलांना गप्प बसविले जाते. पत्नी पाणी भरते, डबे करते, वृद्ध सासूला औषध देते. त्याचा एक तास एका पारड्यात आहे. दुसऱ्या पारड्यात तिच्या चोवीस तासांतला कोणता तास आहे? तिला मुळीच निवांतपणा नसेल, तर ही शांती तिच्या श्रमांतून उसनी घेतलेली आहे. आसनावरून उठताच चहाला उशीर झाला म्हणून ज्याचा आवाज चढतो, त्याला या उसनवारीचा पुरावा निराळा नको.

म्हणून शांतीचा आरंभ पेन्शनीच्या दिवसापासून नव्हे, तर आजच्या घरातून करावा. सकाळचा अर्धा तास आपला, तर संध्याकाळचा अर्धा तास तिचा. त्या वेळी स्वयंपाक व मुले आपण सांभाळावीत. हातातील काम करताना पुढच्या कामाची काळजी व फळाचा हिशेब दोन्ही बाजूस ठेवावे. जेवताना मोबाईल दूर असावा. निजण्यापूर्वी आज कोणाला खोट्या वजनाने मोजले, नोकराला, भावाला की गिऱ्हाइकाला, एवढे आठवावे आणि उद्या ते भरून देण्याचा निश्चय करून सर्व भार भगवंताच्या चरणी ठेवावा. असा निश्चय खरा असेल तर झोपही खरी लागते. व्याप कदाचित तेवढाच राहील. परंतु दांडी समतोलावर येण्यास शिकेल. जाजलीला अरण्यात जे सापडले नाही, ते शिकण्यासाठी त्याला एका दुकानाच्या दारी यावे लागले. गृहस्थाला तर आपला उंबरठाही ओलांडावा लागत नाही.