एलईडीचा करंट लागत नाही म्हणे!

शिडीवर चढून एलईडी दिव्याला हात लावणाऱ्या पोराला झटका बसतो, तो व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर फिरून गेलाच असेल, तेव्हा जास्त वर्णन करत नाही. शिडीवरच्या पोराने हात झटकला, तिथवर मी पाहू शकलो. खुपला तो त्यानंतरचा हशा. आणि हशा ओसरल्यावर कारखान्याच्या, म्हणजे घरामागच्या टिनाच्या शेडच्या, मालकाने काढलेले उद्गार : ‘काही नाही जी, एलईडी आहे. एलईडीचा करंट लागत नाही.’

मग पोराने हात झटकला कशाला? व्यायाम म्हणून?

हे वाक्य मी यापूर्वीही ऐकले आहे. गोंदियात ऐकले, आमगावात ऐकले, एका शिकलेल्या गृहस्थाच्या तोंडून चहा पिता पिता ऐकले. तेव्हा सोडून दिले. आता सोडत नाही. तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता 3300 मेगावॅट. असल्या केंद्रांतून निघालेली वीज किती तरी तारा, खांब, रोहित्रे ओलांडून तुमच्या मीटरपर्यंत 230 व्होल्टची होऊन येते, आणि आत शिरताना तिला कळते की पुढे एलईडी आहे, आता आपण सभ्यपणे वागायचे! पिवळा बल्ब असता तर मारले असते, पण एलईडी म्हणजे सरकारी योजनेतला दिवा, त्याचा मान ठेवला पाहिजे! 2015 साली ‘उजाला’ योजनेत स्वस्तातले एलईडी घरोघर आले. त्यांच्याबरोबर विजेचे बिल कमी होईल हे लोकांना सांगितले गेले. विजेचा स्वभावही बदलेल, असे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

या वाक्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते टिकले. एलईडीची एकेक चिप तीनेक व्होल्टवर चालते, हे खरे. पण ती तीन व्होल्टची शिदोरी बांधून देणारा ड्रायव्हर नावाचा डबा असतो, आणि त्या डब्याच्या एका बाजूला 230 व्होल्टच असतात. स्वस्तातल्या ड्रायव्हरमध्ये तर आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज एकमेकींपासून नीट तोडलेलीही नसते. मग चिपांची ॲल्युमिनियमची पट्टी आणि मेनचा करंट यांच्यामध्ये उरतो तो एक पातळ थर. वर्षानुवर्षे तापून तो फुटला, किंवा मिस्त्रीने वायर ओढताना तिचे आवरण सोलवटले, की दिव्याचे अख्खे धड जिवंत. टेस्टर लावून पाहा, पेटेल.

जंगलाला लागून शेत असलेल्या आपल्या गावांत रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडणारे आहेत. त्यात माणसे गेली, वाघही गेले. तिथे विजेच्या ताकदीवर सगळ्यांचा गाढ विश्वास. शेडमध्ये आले की तो विश्वास कुठे जातो?

जुना दिवा असाच टांगण्याचे बाकीचे बहाणे म्हणजे सगळेच असे लावतात, लायसनवाला वायरमन वेळेवर येत नाही, वगैरे. ‘नव्या दिव्याला पैसे कुठून आणू’ हा त्यातला खरा आहे, म्हणून त्याला हसत नाही.

जुन्या दिव्यांशी माझे भांडण नाहीच. धानाच्या आपल्या या भागात राइस मिली आहेत, मोठी दुकाने आहेत. एखाद्याने नूतनीकरण काढले की घमेल्याएवढे हायबे दिवे आणि छतातले चौकोनी पॅनल उतरतात, कबाड्याकडे जातात, तिथून सुताराच्या किंवा वेल्डिंगवाल्याच्या घरी. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात शंभर वॉटचा दिवा मिळतो, आणि वस्तू कचऱ्यात जायची वाचते. चांगलेच आहे. फक्त तो दिवा मिलमधून का उतरवला, हे विचारायचे असते, आणि विकणाऱ्याने विचारायच्या आत सांगायचे असते. मिलमधल्या दिव्याच्या पाठीवरच्या खाचांत कोंड्याची धूळ घट्ट बसलेली असते. उष्णता बाहेर पडत नाही, ड्रायव्हर आतल्या आत शिजत राहतो. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी मरतो, चिप बिचारी पुष्कळ दिवस टिकते. मेच्या उन्हात तापलेल्या टिनाखाली तो आणखी लवकर मरतो.

मरण्याआधी तो दिव्याला फडफडवतो, आणि ही फडफड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पन्नास हर्ट्‌झची आपली वीज, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. बेंच ग्राइंडर मिनिटाला जवळपास 2,900 फेरे घेतो. या दोघांचा हिशेब जुळत आला, की फिरते चाक संथ, कधी तर उलटे फिरताना दिसते. करवतीच्या पात्याचे दात थांबलेत असे वाटते. थांबलेल्या पात्यावरचा भुसा झटकायला माणूस हात पुढे करतो.

आणि काळी टेप! या चिकटपट्टीवर आपल्या जिल्ह्याची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी कुलदैवतावर नसावी. वायर दोनच कोअरची, दिव्याची हिरवी, म्हणजे अर्थिंगची, कापून तिच्या टोकाला टेप. प्लगची वरची जाड पिन मोडलेली, भोकात काडेपेटीच्या काड्या खुपसलेल्या, त्यावर टेप. ती अर्थिंगची पिन जाड आणि लांब केली आहे ती आत जाताना सर्वांत आधी लागावी आणि निघताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. आपण ती अडचण समजून कापतो. बटन बंद केल्यावरही दिवा मिणमिणतो, तर घरचे खूश, झीरोचा बल्ब फुकटात मिळाला! बहुतेक वेळा बटन न्यूट्रलवर बसवलेले असते, फेज दिव्यात तसाच बसून असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पाहा. अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी 12 हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने गेली. त्यांतली किती अशा शेडमध्ये गेली, हे त्या आकड्यांतून कळत नाही, पण दिव्याच्या धातूच्या अंगाला हिरवी वायर जोडणे आणि करंट गळताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवणे याला त्या व्हिडिओतल्या मालकाला पैसे नव्हते असे मला म्हणता येत नाही. शेडच्या कपाळावर त्याच्या नावाची रंग बदलणारी पाटी नवी कोरी होती.

स्वतःच्या जिवाशी खेळायचा हक्क माणसाला आहे की नाही, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण शिडीवर मालक नव्हता. रोजीवर आलेला पोरगा होता, आणि त्याला ‘नाही चढत’ म्हणायची सोय नव्हती. त्याच्या वाट्याचा धोका परस्पर स्वीकारून वर हसायचे, हे मला कोणत्याच हिशेबात बसवता येत नाही. फार ताणत नाही. घरच्या घरी चार पैसे कमावणाऱ्यावर नीतीचे ओझे टाकणे सोपे आहे, आणि ते टाकणारा बहुधा पंख्याखाली बसलेला असतो. मीही बसलो आहे.

तेव्हा एवढेच. वायर तीन कोअरची घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातला म्हणजे काम संपले असे नाही, उन्हाळ्यात माती सुकते, बादलीभर पाणी ओतत जा. तो पांढराफटक उजेड मात्र माझ्याने सोसवत नाही. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले, त्या निळ्यातूनच हा पांढरा निघतो, आणि 6500 केल्विनच्या दिव्याखाली आपण सगळे आजारी दिसतो. पण या बाबतीत मी हरलो आहे. तुम्हाला माणसांचे चेहरे निळसर बघायला आवडत असतील तर बघा. फक्त ते दिव्यामुळेच निळे दिसताहेत ना, याची अधूनमधून खात्री करून घेत जा.