रांगेत आपल्या मागे

२०१५ सालच्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. नवरात्र चालू, दसरा तोंडावर, दिवाळी पुढच्या महिन्यात. मिठाईच्या पुड्याऐवजी पावशेर डाळ भेट द्यावी असे विनोद फोनाफोनी फिरत होते. मग छापे सुरू झाले. देशभर हजारो टन डाळी जप्त झाल्या आणि त्यातला मोठा वाटा आपल्या महाराष्ट्रातल्या गोदामांत सापडला. वर्तमानपत्रांत थप्पीला लागलेल्या पोत्यांचे फोटो आले. फोटो पाहून घराघरात एक प्रकारचं समाधान पसरलं, कारण चोर सापडला होता.

साठेबाजी खोटी होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. टंचाईत माल दाबून ठेवणाऱ्यासाठी १९५५ पासून जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे आणि तो वापरायलाच हवा. पण व्यापाऱ्याला बोल लावणारे पुष्कळ आहेत, त्यात या स्तंभाची भर नको. मला बोलायचं आहे ते ज्या गोदामावर कधीच छापा पडत नाही त्याच्याबद्दल. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराबद्दल.

हिशेब सोपा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दोन कोटींहून जास्त कुटुंबं होती. त्यातल्या दोन कोटी घरांनी ‘पुढच्या आठवड्यात अजून चढेल’ म्हणून नेहमीपेक्षा फक्त दोन किलो डाळ जास्त भरली, तर चार कोटी किलो होतात. म्हणजे चाळीस हजार टन. एवढी डाळ आठवड्याभरात दुकानांतून उचलली गेली की भाव चढायला आणखी कुणा बड्या व्यापाऱ्याची गरज उरत नाही. बरं, यातल्या एकाही घराला आपण काही गैर केलं असं वाटत नाही. दोन किलोच तर घेतली! अर्थात सगळी घरं असं करत नाहीत. सगळ्यांना ते परवडतही नाही, आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची रीत होती, काही घरांत अजून आहे. एप्रिल-मेमध्ये गहू, ज्वारी, तूर घरात यायची. अंगणात नाहीतर गच्चीवर वाळवण पडायचं. डाळीला एरंडेलाचा हात लागायचा, कणगीत कडुनिंबाचा पाला जायचा. पाहुण्याला वाटावं, या घरात वखार उघडली आहे. पण त्या साठ्यानं कुणाची उपासमार झाली नाही, कारण तो सुगीनंतर भरला जायचा. तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत बाजार समितीत पोत्यांना जागा नसते. शेतकऱ्याला मात्र कर्ज फेडायचं असतं, लग्न काढायचं असतं, खरिपाचं बियाणं घ्यायचं असतं, म्हणून तो मिळेल त्या भावाला माल घालतो. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक पुढे आलं तर त्याच्या मालाला थोडा उठाव मिळतो. पुढे श्रावणात, दिवाळीत, जेव्हा बाजारात माल कमी असतो, तेव्हा हे घर बाजारात उभंच नसतं. आपला वाटा त्यानं आधीच उचललेला असतो, तोही ढिगातून.

ऑक्टोबरात घाबरून घेतलेली दोन किलो डाळ याच्या अगदी उलट वागते. ती ढिगातून येत नाही, दुसऱ्याच्या ताटातून येते. तूर तेव्हा रानात उभी असते, फुलोऱ्यात. मराठवाड्यात आणि विदर्भात ती पावसावरच येते. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. म्यानमारहून, मोझांबिकहून, टांझानियाहून बोटी येईपर्यंत बाजारात जेवढी डाळ होती तेवढीच सगळ्यांची होती. म्हणून मला वाटतं, साठा करण्यात पाप नाही. तो कोणत्या महिन्यात केला, हे विचारायला हवं.

आता दोन वर्षं पुढे या. २०१५-१६ मध्ये देशात तुरीचं उत्पादन साधारण पंचवीस लाख टन होतं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, आदल्या वर्षीचा भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर लावली, आणि उत्पादन जवळपास दुप्पट होऊन अठ्ठेचाळीस लाख टनांच्या वर गेलं. बोनससकट हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारात मात्र चार हजारही मिळेनात. सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. बारदाना नाही म्हणून मोजणी थांबली. आपला नंबर जाऊ नये म्हणून माणसं पोत्यांवर झोपली. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी बंद झाल्याचं जाहीर झालं तेव्हाही कितीतरी माल केंद्रांबाहेर पडून होता.

त्या एप्रिलमध्ये शहरातल्या किती घरांनी वर्षाची तूर भरली? भरली असती तर स्वस्त पडली असती, शेतकऱ्यालाही चार गिऱ्हाइकं जास्त मिळाली असती. पण भाव उतरत असले की आपण म्हणतो, थांबू, अजून उतरेल. चढायला लागले की म्हणतो, आत्ताच घेऊन टाकू. मालाचा ढीग पडलेला असतो तेव्हा आपण गायब, आणि चणचण असते तेव्हा मात्र पिशवी घेऊन हजर. शेतकऱ्याचं नुकसान करायचा कुणाचाच हेतू नसतो, पण ठरवून करायचं म्हटलं तरी याहून चांगली रीत सुचायची नाही.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेला एक हिशेब इथे उपयोगी आहे. ग्राहक कांद्याला जो रुपया देतो त्यातले शेतकऱ्याच्या हाती साधारण ३६ पैसे पडतात, टोमॅटोतले ३३. तुरीत हा वाटा ६५ पैशांच्या आसपास आहे. याचा अर्थ असा की कांद्याच्या चढ्या भावावर आपण चिडतो तेव्हा तो राग बराचसा वाटेवरच्या लोकांवर असतो. डाळीच्या भावावर चिडतो तेव्हा मात्र तो थेट शेतकऱ्याच्या जवळ जाऊन पोचतो. ‘डाळ ऐंशीच्या वर जाताच कामा नये’ असं म्हणताना आपण कुणाच्या खिशाला मर्यादा घालतो आहोत, याची निदान जाणीव असावी.

सुगीतच वर्षाचं धान्य भरा म्हटलं, की उत्तर ठरलेलं आहे, आणि ते बिनतोड आहे: एप्रिलमध्ये वर्षाचे पैसे आणायचे कुठून? आणि ठेवायचं कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच पुरती जागा नसते, तिथे कणगी कुठे बसवायची? धान्य भरणं हा पगारदारांचा, जमीनवाल्यांचा, गच्चीवाल्यांचा मान आहे. ज्यांच्या हातात रोजचे पैसे रोज येतात, ते रोज खरेदी करतात. वीस रुपयांची डाळ, दहाचं सुटं तेल, चहाची पुडी, साबणाची छोटी वडी. किलोमागे हिशेब केला तर यांना प्रत्येक वस्तू आपल्यापेक्षा महाग पडते. बाजाराचा हा क्रूर विनोद आहे की ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच भाव जास्त. आणि दुकानातली फळी रिकामी होते तेव्हा ती नेमकी संध्याकाळी सात वाजता रिकामी असते, रोज खरेदी करणारी बाई कामावरून परतते तेव्हा. सकाळी अकराला गाडी घेऊन आलेलं घर आपला महिना भरून केव्हाच गेलेलं असतं.

मार्च २०२० मध्ये हे फार उघडं दिसलं. २४ तारखेला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याच रात्री वाण्यांच्या दुकानांपुढे झुंबड उडाली. किराणा चालू राहणार असं सांगितलं होतं, तरीही. भीती समजू शकते, त्या रात्री कोण घाबरलं नव्हतं! पण त्या गर्दीत कणीक दहा किलो नेणारे कोण होते आणि दुसऱ्या दिवशी ‘संपली’ हे ऐकणारे कोण होते, याची यादी करायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

कधीकधी तर टंचाई नुसती कानावर येते आणि तेवढ्यानं खरी होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर तीनच दिवसांनी मीठ संपल्याची अफवा उठली आणि दिल्ली, उत्तर प्रदेशापासून मुंबईपर्यंत लोक मिठाच्या पिशव्यांवर तुटून पडले. काही ठिकाणी किलोला दोनशे रुपये मोजले गेले. एवढी लांब किनारपट्टी, गुजरातेत मिठाचे डोंगर, आणि आपण पुढच्या सहा महिन्यांचं मीठ डोक्यावरून घरी नेतो आहोत!

शिकलेली, सुस्थितीतली माणसं असं वागत नाहीत असं वाटत असेल तर जुलै २०२३ आठवा. २० तारखेला भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत पाहता पाहता सोना मसुरी तांदळाच्या थैल्या दिसेनाशा झाल्या. एकेक कुटुंब गाडीत सात-आठ थैल्या घालून नेत होतं, काही ठिकाणी भाव दुपटीवर गेले. त्यात तेलुगू होते, तमिळ होते आणि आपलेही होते. तिथे कुणीही उपाशी राहणार नव्हतं. बासमतीवर बंदी नव्हती, थायलंडचा तांदूळ शेजारच्या फळीवर होता, गहू होता. पोटाची भीती नव्हतीच ती. सवय मोडेल याची भीती होती, आणि सवयीची भीतीसुद्धा माणसाला थैलीवर हात टाकायला लावते.

तिथल्या दुकानदारांनी मग पाटी लावली: एका घराला एकच थैली. मला ही पाटी फार महत्त्वाची वाटते. कारण इथे एकट्या माणसाच्या चांगुलपणाची खरोखर अडचण होते. शेजारी पाच थैल्या नेत असताना मी एकच नेली, तर टंचाई कमी होत नाही, फक्त माझ्या घरातला भात संपतो. सगळे थांबणार असतील तर मीही थांबेन, असं प्रत्येकाला मनातून वाटत असतं, पण पहिला कोण थांबणार? पाटी हा प्रश्न सोडवते. ती कुणाला संत व्हायला सांगत नाही. पुढचा माणूसही एकच नेणार आहे एवढी खात्री देते, आणि तेवढ्यावर बहुतेक माणसं नीट वागतात.

आपल्याकडे ही गोष्ट बायकांनी फार आधी ओळखली होती. १९७२ च्या दुष्काळात, रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खायची वेळ आली तेव्हा, मुंबईत महागाईविरोधी महिलांची संयुक्त आघाडी उभी राहिली. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी या पक्षांचं एकमेकांशी किती पटायचं ते जाणकार सांगतील. पण लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, रिकाम्या थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना घेराव पडले. मागणी धान्याची, साखरेची, तेलाची होती, रास्त भावात आणि सगळ्यांना. त्या मोर्चांत चाळीतल्या होत्या, झोपडपट्टीतल्या होत्या आणि मध्यमवर्गातल्या गृहिणीही होत्या. त्यातल्या पुष्कळजणींना काळ्या बाजारातून चार किलो साखर आणणं जमलं असतं. त्या रस्त्यावर आल्या कारण रेशनची रांग नीट चालली तरच आपल्या मागच्या बाईच्या पिशवीत काही पडेल, हे त्यांना कळत होतं. महागाई हा प्रत्येकीचा खाजगी व्यवहार आहे, जिनं तिनं आपलं बघावं, असं त्यांनी मानलं नाही. आज आपण तसंच मानतो. भाव वाढले की ॲप उघडतो, कुठे सूट आहे ते पाहतो, दोन जास्त मागवतो आणि मोकळे होतो.

मोर्चे परत यावेत असं म्हणणं सोपं आहे, पण ते माझ्या-तुमच्या हातात नाही. हातात असलेली एक गोष्ट मात्र घरातच आहे. सरकारी नोकरांना वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढवून मिळतो. सिमल्याच्या लेबर ब्युरोकडून किमतींचा निर्देशांक येतो, त्यावर टक्के ठरतात, आणि थकबाकी असेल तर तीही मिळते. खाजगीतल्या पुष्कळांनाही वर्षाकाठी काहीतरी वाढ असते. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या पगाराला असला निर्देशांक नाही. तो वाढतो बाईंनी चारदा विचारल्यावर, आणि तेव्हाही आपण विचारतो, ‘दिवाळीला तर वाढवला होता ना?’ डाळीच्या भावाची तक्रार आपण त्यांच्यासमोरच करतो, गंमत म्हणजे त्या मान डोलावून आपल्याला सहानुभूतीही दाखवतात.

जी रक्कम आपल्याला महागाई म्हणून मिळाली, त्यातल्या टक्क्यांचा हिशेब त्यांच्या पगारालाही लावायला कुठल्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आठ हजार पगार असेल आणि भत्ता चार टक्क्यांनी वाढला असेल, तर महिन्याला तीनशे वीस रुपये होतात. जानेवारीत एकदा, जुलैत एकदा, न मागता. तूर शंभरावर असो की दीडशेवर, एवढ्यात त्यांच्या घरची महिन्याची डाळ निघते.