पॉलिसी एवढ्यात बंद करू नकोस

जामनेर,
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५



काल रात्री फोनवर तू म्हणालास, "मामा, आता सरकार सगळ्यांनाच पाच लाखांचा इलाज फुकट देतंय, मग नोकरी सोडल्यावर पॉलिसीचा एवढा हप्ता मी कशाला भरू?" तू बसमध्ये होतास, आवाज तुटत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण झोप लागेना. पुण्याची नोकरी सोडून गावी यायचे, ठिबकचे दुकान टाकायचे तू ठरवलेस, याचा मला आनंदच आहे. मात्र नोकरी सुटली की कंपनीचा विमाही सुटतो. आणि घरात दाजी ७१ वर्षांचे, आक्का ६६ ची, तुझी बायको, दोन लेकरे. एवढ्या घराचा प्रश्न फोनवर हो की नाही म्हणून निकालात काढण्यासारखा नाही. मी आरोग्य खात्यात उभी हयात काढली, केसपेपर लिहिण्यापासून लसीचे डबे वाहण्यापर्यंत सगळे केले. म्हणून हक्काने लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. योजना खोटी नाही. तिने माणसे वाचवली आहेत, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपल्या शेजारचा धुळे जिल्हा होता, जळगाव नव्हता. तेव्हा धुळ्याकडच्या पाहुण्यांचे ऑपरेशन योजनेत होई आणि आपल्या तालुक्यातला माणूस त्याच आजारासाठी वावर गहाण टाकी. आपल्याकडे ती २१ नोव्हेंबर २०१३ ला आली. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या.

तरी एक अन्याय राहिलाच होता. पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्याला ही योजना फक्त चौदा जिल्ह्यांत होती, मराठवाडा आणि विदर्भातल्या. आपल्या हद्दीपलीकडे मोताळा तालुक्यातला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी तिच्यात बसे. पलीकडच्या सोयगावचाही बसे. बांधाच्या अलीकडचा जामनेरचा बसत नसे. कपाशी तीच, बोंडअळी तीच, कर्ज तेच. २०२३ मध्ये सरकारने रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचे ठरवले, तेव्हा हा अन्याय कागदावर तरी मिटला. तुझे कार्ड पांढरे, म्हणून तू आजवर या योजनेकडे पाहिलेच नाहीस. आता बघ. पण डोळसपणे बघ.

दाजींच्या छातीत दुखले त्या दिवशी तू पुण्याहून निघाला होतास, म्हणून तुला अर्धेच माहीत आहे. उरलेले आज सांगतो.

सकाळी साडेसहाला आक्काचा फोन आला. आपल्या उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जळगावला न्या म्हणाले. गाडी जळगावच्या वाटेवरच्या नेरीवरून निघाली. जळगावात पहिल्या खासगी हॉस्पिटलाच्या दारावर योजनेचा मोठा फलक होता, तो पाहून माझ्या जिवात जीव आला. आत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, आमच्याकडे योजना हाडांची आहे. हृदयाची नाही. इथेच करायचे तर डिपॉझिट भरा." मी इतकी वर्षे खात्यात, तरी माझ्या हे ध्यानात आले नव्हते. हॉस्पिटल यादीत असते ते ठरावीक विभागांपुरते असते. फलक सगळ्यांना दिसतो, विभाग कोणाला दिसत नाही.

दुसऱ्या ठिकाणी हृदयाची सोय होती. तिथे घोडे वेगळ्याच जागी अडले. रेशनकार्डावर दाजींच्या वडिलांचे नाव 'सुपडू', आधारकार्डावर 'सुपडा'. एका उकारासाठी संगणक पुढे सरकेना. दाजी स्ट्रेचरवर, घामाने ओले, आणि आक्का पदराने त्यांचे कपाळ पुसत "अगं बाई, एकच माणूस आहे हा" असे पुन्हा पुन्हा सांगत होती. तिथली आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणारी पोरगी, कोवळी होती, पण खंबीर होती. तिने वर फोन लावला आणि तातडीचा रुग्ण म्हणून नोंद करून घेतली. तातडीच्या वेळी कागद नंतर आणून देता येतात, हा नियम मला त्या मुलीने शिकवला. दुपारी स्टेंट बसला. बिल शून्य. पण नेरी सोडल्यापासून टेबलावर जाईपर्यंत आमचे जे दोन तास गेले, ते दाजींच्या हृदयाने मोजले आहेत. आजही जिना चढताना त्यांना दम लागतो.

आणि खरे दुखणे पुढेच आहे. दाजी सत्तरीच्या वरचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न किती आणि कार्ड कोणते हे न विचारता, फक्त आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यावर घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी वर्षाला पाच लाख असतात. ते कार्ड काढलेले असते तर सुपडू-सुपडा असा खेळ झालाच नसता. ते काढले नाही याचा दोष मी सरकारला देत नाही. मी मामा असून काढून दिले नाही, तू मुलगा असून काढले नाहीस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पॉलिसी बंद करायची की नाही? करू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण ऐक. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. २०२३ च्या निर्णयात १,३५६ उपचारांची यादी होती. यादीत असेल तेच मिळते, त्या दरातच मिळते, आणि काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. हॉस्पिटलवाल्यांचे म्हणणे असते की दर परवडत नाहीत आणि बिले अडकतात. त्यांचे सगळेच खोटे नाही. २०२० मध्ये सरकार विमा कंपनीला एका कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये हप्ता देत होते, म्हणजे महिन्याला सत्तर रुपयेही नाहीत. कंपनीची जबाबदारी दीड लाखापर्यंत, त्यावरचे पाच लाखांपर्यंत योजना चालवणारी सरकारी सोसायटी स्वतः भरणार, अशी ती रचना होती. एवढ्या पैशात किती ओढायचे? मग जिथे ताण पडतो तिथे हॉस्पिटल हळूच एखादा विभाग योजनेतून काढते, किंवा "आज योजनेचा बेड नाही" म्हणते. सरकारने माणसे वाढवली, रक्कम वाढवली, पण जामनेरच्या माणसाला जाता येईल अशी दारे त्या मानाने वाढली नाहीत. सुधारणेतली ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते, आणि ती मी कोणाहीपुढे बोलून दाखवीन.

खासगी विम्यातही दारे कमी होतात, फक्त वेगळ्या रीतीने. वय वाढले की हप्ता वाढतो, आणि पंचाहत्तरीच्या साखरवाल्या माणसाला नवी पॉलिसी द्यायला कंपनी हजार प्रश्न काढते. १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठीची पासष्टीची वयोमर्यादा नियमातून गेली हे खरे, पण नियम गेला म्हणून कंपनीचे मन मोकळे होते असे नाही. म्हणून जी पॉलिसी हातात आहे तिची किंमत तू आज समजतोस त्याहून जास्त आहे. एकदा सुटली की तीच परत मिळणार नाही.

तुझी कंपनीची सामूहिक पॉलिसी आहे. राजीनामा देण्याआधी, हे अधोरेखित करून वाच, राजीनामा देण्याआधी एचआरकडे आणि विमा कंपनीकडे लेखी अर्ज कर की मला याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचे आहे. तसे गेल्यास आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ धरला जातो. तोंडी विचारू नकोस, मेल टाक. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचे ठरलेच तर नूतनीकरणाच्या दीड महिना आधी हालचाल कर.

अर्जात सगळे खरे लिही. तुझ्या बायकोला थायरॉइड आहे, तुला रक्तदाबाची गोळी चालू आहे. एजंट म्हणेल, "राहू द्या दादा, लिहिले तर हप्ता वाढतो." त्याचे कमिशन आज मिळते, तुझा दावा पाच वर्षांनी येतो. आधीच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षे थांबवता येते. पाच वर्षे सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण लपवण्याची वेळच आणू नये. आपल्या गावात या एका कारणाने दावा बुडालेली घरे मी पाहिली आहेत.

पत्ता जामनेरचा दिलास तर काही कंपन्यांचा हप्ता कमी बसतो. मात्र अशा पॉलिसीत पुण्या-मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा काही टक्के भाग आपल्या खिशातून जातो. हे कलम आधी शोध. खोलीभाड्याची मर्यादाही बघ. तिच्यापेक्षा महागडी खोली घेतलीस तर नुसत्या भाड्याला नाही, डॉक्टरांच्या फीपासून बऱ्याच बिलाला त्याच प्रमाणात कात्री लागते. आणि कॅशलेसच्या यादीत जळगावची हॉस्पिटले किती, हे एजंटला विचारू नकोस, कंपनीच्या यादीत स्वतः बघ आणि त्यातल्या दोघांना फोन करून खात्री कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. तेवढा दिलासा घेऊन लहानशी का होईना, पॉलिसी चालू ठेव. दावा नाकारला आणि कंपनीने तक्रारीवर महिनाभर दाद दिली नाही, तर पुण्याला विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.

आई-वडिलांचे मात्र योजनेवरच बसव. दाजींचे वय वंदना कार्ड, आक्काचे आयुष्मान कार्ड. तुझ्या बायकोचे आणि धाकट्याचे नाव अजून रेशनकार्डावर चढलेले नाही, ते चढव. माहेरच्या कार्डावरून सुनेचे नाव कमी झाल्याचा दाखला लागेल. या एका दाखल्यापायी तहसीलचे उंबरठे झिजवणारी पोरे मी रोज बघतो. दुखणे येण्याआधी झिजव.

योजनेत भरती झाल्यावर कोणी वरून पैसे मागितले तर भांडू नकोस आणि देऊही नकोस. आरोग्यमित्राला गाठ, १५५३८८ वर फोन लाव. दिलेच असतील तर पावती मागून घे, पावतीवाचून तक्रार उभी राहत नाही.

एक शेवटचे, आणि हे तुझ्या घरापुरते नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आपले उपजिल्हा रुग्णालय त्यातच येते. तिथे हृदयाचा डॉक्टर आला, यंत्र आले, तर दाजींसारख्या माणसाला नेरीचा रस्ताच लागणार नाही. पण गावातले शिकलेले लोक तिकडे फिरकत नाहीत, विमा आहे म्हणतात. मग तिथली रिकामी पदे कोण विचारणार? तू गावी येतो आहेस, तुला बोलता येते, अर्ज लिहिता येतो. रुग्ण कल्याण समितीत काय चालते ते विचारायला जा. मी बरोबर येईन.

येताना सगळ्यांची मूळ आधारकार्डे, जुने रेशनकार्ड आणि कंपनीच्या पॉलिसीची प्रत आण. राजीनाम्यावर सही केली नसशील तर अजून करू नकोस, आधी तो मेल टाक.

तुझा,
मामा