यंत्र बोलेल, ऐकायचं कुणी?

शॉर्टवेव्हवर १४.१०० मेगाहर्ट्झ ही जागा हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, स्वयंचलित केंद्रांसाठी राखून ठेवली आहे. जगभरात मिळून अशी अठरा केंद्रं आहेत. आपल्याला सगळ्यांत जवळचं श्रीलंकेतलं. पाळी आली की केंद्र मोर्समध्ये आपलं नाव सांगतं आणि एकेक सेकंदाचे चार सूर सोडतं: पहिला १०० वॉटचा, मग १०, मग १ आणि शेवटचा ०.१ वॉटचा. दहा सेकंदांत सगळं आटोपून ते गप्प होतं आणि पुढचं बोलू लागतं. तीन मिनिटांनी पुन्हा पहिल्याची पाळी. ऐकणाऱ्याला कळतं, की आज लहरी कुठून कुठवर पोचताहेत. बाकीच्या हॅमनी त्या जागेवर प्रक्षेपण करायचं नाही, असा रिवाज आहे.

यंत्रानं शहाण्यासारखं वागायचं ठरवलं तर ते असं वागतं. अर्थात ठरवतं ते यंत्र नव्हे, ते बसवणारा माणूस.

आपल्याकडे हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन मिळतो, नियम १९७८ चे. ‘व्हीयू’नं सुरू होणारी ओळखखूण मिळते आणि प्रक्षेपण करताना ती सांगावीच लागते. परवाना माणसाच्या नावावर असतो. त्यामुळे रात्री दोन वाजता घरातला संगणक आपोआप संदेश सोडत असला आणि मालक घोरत असला, तरी बोलतो आहे तो मालकच. २०१७ मध्ये आलेल्या ‘एफटी-८’ या पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात आणि जवळपास सगळं काम संगणक करतो. ती तयार करणाऱ्यांत जो टेलर हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पहारेकरी बसवलेला आहे. समोर माणूस नाही, काही मिनिटं कुणी हातच लावलेला नाही, असं दिसलं की प्रक्षेपण बंद. यंत्र सगळं करू शकत असताना मुद्दाम माणसाला खुर्चीत बसवून ठेवणं मला फार शहाणपणाचं वाटतं. त्या पहारेकऱ्याला चकवायच्या युक्त्याही लोकांनी शोधल्या आहेत, तो भाग वेगळा.

हॅमचा पहिला शिष्टाचार म्हणजे आधी ऐका, जागा रिकामी आहे का विचारा, मग बोला. मोर्सवाले त्यासाठी ‘क्यूआरएल?’ असा तीन अक्षरी प्रश्न टाकतात आणि क्षणभर थांबतात. यात एक मेख आहे. आपल्याला काही ऐकू आलं नाही म्हणजे जागा रिकामी आहे, असं होत नाही. दोघे बोलत असतात, त्यातल्या एकाचाच आवाज आपल्यापर्यंत पोचतो, तो ऐकण्यासाठी थांबलेला असतो, आणि आपल्याला शांतता वाटते. माणूस अशा वेळी पुन्हा विचारतो, अंदाज घेतो. स्वयंचलित केंद्राला लांबून कुणी हाक मारली की ते फटकन उत्तर देतं आणि मधल्या दोघांचं बोलणं चिरडून टाकतं. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत अशा डिजिटल केंद्रांना ठरावीक पट्टे आखून दिले आहेत. त्याबाहेर त्यांनी आपणहून तोंड उघडायचं नाही. माणसानं हाक मारली तरच बोलायचं, तेही ५०० हर्ट्झच्या अरुंद जागेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या बीडशेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतरच्या मदतकार्यात हॅम मंडळींनी संदेशवहनाचं काम केलं. अशा वेळी बाकीच्यांनी जागा सोडायची असते. माणसाला आवाजातली घाई कळते आणि तो बाजूला होतो. यंत्राला कुणी थांबवलं नाही तर ते आपलं हवामान, आपलं ठिकाण, आपलं नाव सांगतच राहील.

बीड जिल्ह्यात हॅम किती असतील ते असोत, स्वयंचलित यंत्राचा हाच पेच इथे शिवाराशिवारात आहे. मोटरचा ऑटोस्विच. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. लाइट आली की स्टार्टरमधला ऑटोस्विच मोटर आपोआप चालू करतो. एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मग फ्यूज उडतो, नाहीतर ऐन रब्बीत, गव्हाला पाणी हवं असताना, डीपीच जळते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं: ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा.

शेतकऱ्याला यात नुसता दोष देऊन चालणार नाही. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. अशा अंधारात मध्यरात्री बटण दाबायला विहिरीवर जा, हे सांगायला आपण कोण? ऑटोस्विच हे आळसाचं नाही, बऱ्याचदा भीतीचं यंत्र आहे. पण भीती खरी असली तरी भार सगळ्यांच्या डीपीवर पडतो. तोड अवघड नाही. लाइट आल्यावर काही वेळ थांबून मोटर चालू करणारे टायमर मिळतात. एका डीपीवरच्यांनी बसून आपापली वेळ वेगळी लावून घेतली, तर त्या अठरा केंद्रांसारखं सगळं ओळीनं होईल. सामाईक विहिरीवर भावकीत पाण्याच्या पाळ्या ठरतात, कागद न करता पिढ्यान्‌पिढ्या चालतात. विजेच्या पाळ्या ठरवायला मात्र कुणी चावडीवर बसत नाही. लाइनमन येणार म्हटलं की ऑटोस्विच काढून ठेवायचा आणि त्याची मोटारसायकल वळली की पुन्हा जोडायचा, एवढंच एकमत दिसतं.

हॅमच्या यंत्राला निदान नाव सांगावं लागतं, म्हणून गोंधळ घालणारा सापडतो. मोटर नाव सांगत नाही. डीपी कुणाच्या ऑटोस्विचनं गेली हे कधीच कळत नाही, आणि जळालेली डीपी नेण्या-आणण्याच्या ट्रॅक्टरची वर्गणी निघते ती सगळ्यांकडून सारखी, ज्यानं ऑटोस्विच बसवलाच नाही त्याच्याकडूनही.