गल्ल्याची किल्ली कोणाकडे?

अल्लाहच्या नावाने, जो अत्यंत कृपाशील, परम दयाळू आहे.

बंधू-भगिनींनो, हजरत अबूजर (रजि.) हे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे किती लाडके सहाबी! त्यांच्या सत्यनिष्ठेविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. तरीही त्यांनी अधिकारपद मागितले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, तुम्ही या कामासाठी दुर्बल आहात आणि हे पद म्हणजे अमानत आहे. सहीह मुस्लिममधील या हदीसमध्ये प्रेम आहे आणि नकारही आहे. माणूस जिवाभावाचा असणे वेगळे आणि कामाला योग्य असणे वेगळे.

आता आपल्या दुकानांकडे पाहा. सांगलीच्या हळद बाजारातील अडत असो, मिरजेचा तंतुवाद्यांचा कारखाना असो वा साताऱ्याच्या पेठेतील कापडाचे दुकान. अब्बांचे डोळे मिटले की पहिला प्रश्न येतो, गल्ल्याची किल्ली कोणाकडे? उत्तर ठरलेले असते : थोरल्याकडे. त्याला हिशेब येतो का, उधारी वसूल होते का, नोकरांशी तो नीट बोलतो का, हे कोणी विचारत नाही.

पवित्र कुरआनने कामावर ठेवण्याच्या माणसाची पारख दोन गुणांत सांगितली आहे. सूरह कससच्या 26व्या आयतीत हजरत मूसा (अ.स.) यांना कामावर ठेवावे असे एक कन्या आपल्या पित्याला सुचवते, कारण ते समर्थ आहेत आणि विश्वासू आहेत. विश्वासू पण असमर्थ माणूस धंदा बुडवतो. समर्थ पण अविश्वासू माणूस तो लुबाडतो. हिजरतच्या अतिशय जोखमीच्या प्रवासात वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित यांना मोबदला देऊन नेमले गेले. ते तेव्हा मुसलमानही नव्हते. पण वाटेचे जाणकार होते आणि भरवशाचे होते.

आपल्याच मुलखातील उदाहरण घ्या. 1910 साली औंध संस्थानने दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगली जिल्ह्यात. तेथे वसाहतीच्या राखणीचे काम त्यांनी दरोड्याची शिक्षा भोगलेल्या माणसांवर सोपवले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. जात, नाते किंवा जुना कलंक न पाहता त्यांनी माणूस पारखला.

वाचकहो, आपली मूळ चूक येथे आहे : वारसा आणि कारभार यांना आपण एकच समजतो. वारसा हा हक्क आहे. त्याचे हिस्से सूरह निसामध्ये अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत. कारभार ही अमानत आहे. ती योग्यता पाहूनच द्यायची. या गल्लतीतून दोन अन्याय घडतात. मालक आहे म्हणून अयोग्य मुलगा गादीवर बसतो. आणि बहीण गादीवर बसत नाही म्हणून तिचा मालकी हिस्साच बुडवला जातो. ‘तिचे लग्न लावून दिले, आता धंद्यात तिचे काय?’ असे म्हणणारे भाऊ नमाजच्या पहिल्या रांगेत उभे असतात. ती दुकानात येवो वा न येवो, तिचा हिस्सा तिचाच आहे.

मग करावे काय? सर्व वारसांनी एकत्र बसावे. सूरह शूराच्या 38व्या आयतीत परस्पर सल्ल्याने कारभार करणे हा ईमानवंतांचा गुण सांगितला आहे. प्रत्येकाचा हिस्सा कागदावर लिहावा. कुरआनची सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282वी, देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयीच आहे. कारभार जो सांभाळेल त्याचा मोबदला आधी ठरवावा, म्हणजे राबणाऱ्यावर अन्याय होणार नाही. महिन्याचा हिशेब सर्वांसमोर, बहिणीसमोरही, ठेवावा. घरात योग्य माणूस नसेल, तर वीस वर्षे चोपड्या लिहिणाऱ्या दिवाणजींकडे कारभार सोपवण्यात कमीपणा नाही. मुलाने त्यांच्या हाताखाली शिकावे.

आणि हे सर्व अब्बा हयात असतानाच व्हावे. जनाजा उठल्यानंतर सुरू झालेली बोलणी बहुधा कोर्टाच्या पायरीवर संपतात.

आज दुकान बंद करताना किल्ली क्षणभर हातात धरून स्वतःला विचारा : ही माझी मालमत्ता आहे की माझ्याकडे ठेवलेली अमानत? अल्लाह आपल्याला हक्कदाराचा हक्क देण्याची आणि अमानत योग्य हाती सोपवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.