पहिल्या श्रवणाचा धर्म

न्यायालयात नित्य उभे राहणाऱ्या माणसास एक सवय जडते. कोणताही प्रश्न पुढे आला की त्यावरचा जुना निवाडा तो आधी शोधू लागतो. निवाडा सापडला म्हणजे मन हलके होते, कारण विचाराचे अर्धे काम दुसऱ्या कोणी तरी पूर्वीच करून ठेवलेले असते. तथापि क्वचित असा दावा उभा राहतो की ज्यास पूर्वाधारच नसतो. त्या दिवशी न्यायाधीशास स्वतःच्या कानांनी ऐकावे लागते आणि स्वतःच्या बुद्धीने ठरवावे लागते. एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद, त्यापूर्वी कोठेही न वाजलेल्या रचना घेऊन रंगमंचावर बसतो, तेव्हा समोरच्या श्रोत्याची स्थिती नेमकी अशीच होते. त्या रचनेस घराणे नाही, कीर्ती नाही, तिच्या बाजूने साक्ष देणारा कोणी नाही. अशा रचनेशी श्रोत्याचे काही कर्तव्य आहे काय, आणि असल्यास कोणते, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारात घेत आहोत.

उदाहरणादाखल आम्ही मुद्दाम सुषिर वाद्यांचा वृंद निवडला आहे. भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. त्यांपैकी फुंकरीने वाजणारी ती सुषिर. या वर्गाचा आपल्या समाजाशी संबंध आला तो बहुधा उंबरठ्याच्या बाहेर. सनईवाचून मंगलकार्य पार पडत नाही, नगारखान्यातील चौघड्यावाचून देवळाचा उत्सव सुना वाटतो. परंतु वाजंत्र्याने काय वाजविले हे अक्षता पडल्यानंतर सांगू शकेल असा पाहुणा विरळा. त्याचे वाजणे सर्वांस हवे असते, ऐकण्याची सवड मात्र कोणासच नसते. बिस्मिल्ला खाँ यांनी सनई आणि पन्नालाल घोष यांनी बासरी सभागृहात आणून बसविली. पन्नालालांनी बासरीची घडणही बदलली; पण त्याहून मोठा बदल घडला तो श्रोत्यात. जे वाद्य तो उभ्याउभ्या कानावर पडू देत असे, ते तो बसून ऐकू लागला. कलेच्या इतिहासात वादकाची नोंद होते. बसून ऐकणाऱ्याची होत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आम्ही राहतो त्या सुरत शहराशी निगडित असा या प्रश्नाचा एक जुना दाखला आहे. १६१२ साली कॅप्टन टॉमस बेस्ट याची इंग्रजी जहाजे सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात आली. पुढील वर्षाच्या आरंभी पॉल कॅनिंग नावाचा व्यापारी सुरतेहून आग्र्यास, जहांगीर बादशहाच्या दरबारी निघाला. त्याच्या सोबतीस दोन वादक होते. रॉबर्ट ट्रली हा कॉर्नेट वाजवीत असे. आजच्या बँडमधील पितळी कॉर्नेट ते नव्हे, तर बोटांनी छिद्रे झाकून फुंकावयाचे, शिंगासारखे लाकडी वाद्य. दुसरा लॅन्सेलॉट कॅनिंग. तो व्हर्जिनल नावाचे, पट्ट्या दाबून वाजवावयाचे नाजूक तंतुवाद्य वाजवी. कॉर्नेट बादशहास आवडले आणि तसे वाद्य आपल्या कारागिरांकडून बनवून घेण्याचाही त्याने प्रयत्न करविला. व्हर्जिनलची कोणी कदर केली नाही, आणि त्या दुःखाने तो वादक मेला, अशा अर्थाची नोंद निकोलस विदिंग्टन या समकालीन इंग्रजाने करून ठेवली आहे.

या गोष्टीत दरबारास दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. दरबारात वर्दळ असणारच. मोठा आवाज आपली वकिली आपणच करतो. हळू आवाजास मात्र श्रोत्याच्या शांततेची वकिली लागते. जेथे ती शांतता नाही तेथे नव्यापैकी फक्त कर्कश तेवढे तरते आणि सूक्ष्म असेल ते मरते. यावरून आम्ही असे अनुमान काढतो की, नवीन कलाकृतीचे भवितव्य तिच्या गुणांवर जितके अवलंबून असते, जवळजवळ तितकेच ते पहिल्या श्रोत्यांच्या वर्तनावर अवलंबून असते. आणि ज्याच्या वर्तनावर दुसऱ्याचे बरेवाईट अवलंबून आहे, त्यास कर्तव्य नाही असे कोणते नीतिशास्त्र म्हणेल?

ही शांतता कोठे मिळावी? तिकिटांच्या विक्रीवर चालणारे सभागृह ती सहसा देऊ शकत नाही. तेथे लोकांना आधीच ठाऊक असलेले वाजवावे लागते. म्हणूनच आम्हांस महाविद्यालयाचे महत्त्व वाटते. अमेरिकेत रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीतविद्यालयात फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ साली विद्यार्थ्यांचा सुषिर-वाद्यवृंद उभा केला. लष्करी संचलनात आणि क्रीडांगणावर वाजणारी वाद्ये त्यांनी खुर्चीवर बसविली, सामान्यतः प्रत्येक स्वरभागास एकच वादक नेमला, आणि संगीतकारांना या वृंदासाठी नव्याने लिहिण्याचे आवाहन केले. पुढे इथाका कॉलेजने आपल्या वाद्यवृंदासाठी कारेल हुसा या मूळच्या चेक संगीतकाराकडून एक रचना मागविली. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात शिरले. परदेशी असलेल्या हुसांनी तो आघात त्या रचनेत ओतला. ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ ही ती रचना १९६९ च्या जानेवारीत कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वॉशिंग्टन येथे प्रथम वाजविली. ज्या नगरीसाठी ती लिहिली, तेथे ती हुसांच्या नेतृत्वाखाली वाजण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधली एकवीस वर्षे परक्या देशातील विद्यार्थ्यांनीच आपल्या श्वासावर तिला जिवंत ठेवले. आज सुषिर-वाद्यवृंदांच्या भांडारातील मान्यवर रचनांत तिची गणना होते. पण त्या पहिल्या संध्याकाळी तीही इतर कोणत्याही नव्या रचनेइतकीच निराधार होती.

आपल्याकडे असे काही घडलेच नाही, असे नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण शतकानुशतके मिळत आले. त्या शिक्षणावर वाढलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतास वाद्यवृंद दिला. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात शंभरावर वादक जमवून त्यांनी रागांवर आधारलेल्या आपल्या नव्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायिले. तो वृंद केवळ सुषिर वाद्यांचा नव्हता, तरी महाविद्यालयाच्या अंगणात नवी रचना ऐकविण्याचे धाडस तेच. परंतु त्या धाडसाची परंपरा झाली नाही. पुढे गोन्साल्विस मुंबई सोडून अमेरिकेस गेले, आणि परतल्यावर गोव्यातच राहिले. १९७७ साली एका चित्रपटगीताने त्यांचे नाव देशभर दुमदुमले. त्या गीताच्या संगीतकार-जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. अशा रीतीने ज्याच्या रचना जवळजवळ कोणीच ऐकल्या नाहीत, त्याचे नाव मात्र सर्वांच्या तोंडी बसले. गुरूस शिष्याने दिलेला तो मान सुंदर होता. पण ऐकले जाण्याची जागा नाव घेतले जाण्याने भरून निघत नाही.

योगायोग असा की, त्याच १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा स्वामी, उलट करार नसल्यास, निर्माताच होय. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार तर, लिहिलेले वा अन्य दृश्य चिन्हांत उतरविलेले असेल तेवढेच संगीत ‘संगीतकृती’ ठरत होते. ती अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. चित्रपटातील संगीतरचनाकारास मानधनाचा जो वाटा आता सोडूनही देता येत नाही, तो कायद्यात येण्यास २०१२ साल लागले. कायदा सुधारला याचा आम्हांस संतोष आहे. परंतु कायदा रचनाकारास पैसा आणि नाव यांपलीकडे काही देऊ शकत नाही. श्रोत्यास खुर्चीत बसविण्याचा हुकूम कोणतेही न्यायालय काढणार नाही. तेथे कायद्याची हद्द संपते आणि धर्माची सुरू होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आपल्या रागसंगीतात प्रत्येक मैफल नवीच असते. मग मुद्दाम नव्या रचनांचा हा खटाटोप कशास? उत्तर असे की, मैफलीतील नवेपणाची जोखीम एकटा गवई उचलतो, आणि रागाचे ओळखीचे रूप त्याच्या पाठीशी उभे असते. वीस-तीस सुषिर-वादकांच्या वृंदात प्रत्येक जण दुसऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवून आपला श्वास खर्च करतो. संपूर्ण कृती त्यांच्यापैकी कोणीही आधी ऐकलेली नसते. हा सामुदायिक विश्वासाचा अभ्यास आहे, आणि आपल्या समाजास त्याची गरज नाही असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. नव्या रचनांपैकी बहुतेक सामान्यच निघतात; त्यांच्यासाठी चांगली संध्याकाळ का दवडावी? हे आम्ही मान्य करतो. न्यायालयात येणारे बहुतेक दावेही सामान्यच असतात. म्हणून ते न ऐकताच फेटाळावे असे कोणी म्हणत नाही. कारण खरा दावा कोणता हे ऐकल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि तीस वर्षांनंतर, १९७१ साली ती शिथिल केली. बंदीचे कारण खरे होते. त्या पेटीत श्रुती आणि मींड येत नाहीत. पण एका दोषावरून वाद्याचे सारे म्हणणेच बंद झाले, आणि एक पिढी त्या पेटीचे एकल वादन आकाशवाणीवर ऐकू शकली नाही. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ऐकून नापसंती देण्याचा हक्क श्रोत्यास पुरता आहे. न ऐकता देण्याचा मात्र नाही.

तेव्हा पहिल्या श्रवणाचा धर्म आमच्या मते तीन गोष्टींत सामावतो: शेवटपर्यंत बसावे, पूर्वी ऐकलेल्याशी तुलना निदान अखेरचा स्वर थांबेपर्यंत लांबणीवर टाकावी, आणि घरी जाताना रचनाकाराचे नाव विचारून जावे. हा धर्म पाळण्यास संगीताचे ज्ञान लागत नाही, पैसा तर नाहीच. आमच्या सुरतेत लग्नसराईत वरातींपुढे बँडपथके चालतात. उधना-लिंबायतेकडील खानदेशी घरांच्या वराती असोत की गुजराती घरांच्या, क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वाजविणाऱ्यांस तेथे ओळखीच्या गाण्यांचीच फर्माईश होते. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात स्वतःची एखादी धून असेल काय, हे आम्ही सांगू शकत नाही. ते विचारलेच गेलेले नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे गृहीत धरणे, निदान आमच्या व्यवसायात तरी, न्याय समजला जात नाही.